आठ अक्षरांचं दळण

३ जानेवारीला, सावित्रीबाई फुल्यांच्या जयंतीला, मुलींच्या तोंडी बसेल असं शिकण्यावरचं गाणं लिहून द्यायचं होतं. दोनच चरण झाले होते: ‘शिक्षणाने उघडतो / ज्ञानाचा दरवाजा’. ते घेऊनच जळगावजवळच्या पिंप्राळ्याला मावशींकडे लग्नाची हळद दळायला गेले.

मावशींना अक्षरओळख नाही. जात्यावर बसल्या बसल्या त्यांनी माझे चरण म्हणून पाहिले आणि दुसऱ्याला खुंटा थांबला. “अठी हात अडकते व.”

मी बोटं मोजली. पहिल्यात आठ अक्षरं, दुसऱ्यात सात. अष्टाक्षरीत लघु-गुरूची भानगड नाही, जोडाक्षरही एकच धरायचं. पण नसलेलं अक्षर सुरात ताणणार कसं? मावशींनी न मोजताच ‘ज्ञानाचा गं दरवाजा’ केलं. जातं फिरलं. ‘गं’ला आपण भरतीचा शब्द म्हणतो, पण सगळा तोल त्यानंच सावरला होता. “पन हे भाषन झालं,” मावशी म्हणाल्या. खरंच होतं.

इथून जवळच्या आसोद्यात जन्मलेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) शाळेत गेल्याच नाहीत. त्यांची कितीतरी गाणी याच आठ अक्षरांत आहेत. ती त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी उतरवून घेतली म्हणून १९५२मध्ये छापली गेली. रचली गेली ती कामाच्या लयीत.

जात्यापाशी बसल्यावर आणखी एक उमगलं. मावशी पहिला चरण दोनदा, कधी तीनदा म्हणतात. पुस्तकात त्याला आपण पुनरुक्ती म्हणू. इथे तेवढ्या वेळात एक हात मूठ भरतो आणि पुढचा चरण जुळतो. यमकाचं काम वेगळं. इथल्या आषाढीच्या रथाला आवरायला चाकाखाली लाकडी मोगरी सारतात ना, तसं ते दुसऱ्या आणि चौथ्या चरणाशी ओळीला आवरतं.

दरवाजा सोडून दिला. तासाभरानं, अर्धं माझं अर्धं त्यांचं, असं झालं:

पाटीवर गिरवते
अ आ इ ई उजेडात
बोट धरून लेकीचं
माय बसते वर्गात

तिसरीतली नात हळदीचे हात पुसत वाकली. “आजी, ‘अ आ इ ई’च्या पुढचा ‘उ’ उजेडातच आला!” माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मावशींना तर कोणता उ तेच ठाऊक नव्हतं.

“मग आता ‘ऊ’ पाहिजे,” नात म्हणाली.

मावशींनी मूठभर हळकुंडं जात्यात टाकली आणि पहिलाच चरण पुन्हा धरला.