रोगी बरा केला, हाच गुन्हा!

आरोपपत्र हाती आले की वकील आधी एकच गोष्ट शोधतो, यात गुन्हा कुठे आहे? स्कॉटलंडमधील अ‍ॅग्नेस सॅम्सन या विधवेवर जानेवारी १५९१ मध्ये खटला चालला. आरोपपत्रात ५३ कलमे! त्यातली कितीतरी वाचून डोके सुन्न होते. अमक्याचे दुखणे बरे केले, तमकीच्या बाळंतकळा कमी केल्या, हा रोगी वाचणार नाही हे आधीच ओळखले. म्हणजे ज्यांना तिने बरे केले, त्यांचीच नावे तिच्याविरुद्ध पुरावा झाली.

अ‍ॅग्नेस सुईण होती. अडलेली माणसे तिच्याकडे धाव घेत, 'कीथची जाणती बाई' म्हणत. मग ती चेटकीण कधी झाली? राजा सहावा जेम्स याची नववधू डेन्मार्कहून निघाली आणि वादळाने तिचे जहाज अडवले. राजा स्वतः तिला आणायला गेला, १५९० मध्ये परतला. वादळाचे खापर कोणाच्या तरी डोक्यावर फोडायचे होते. ट्रानेंट गावातील एका अधिकाऱ्याची मोलकरीण गेलिस डंकन हीसुद्धा आजाऱ्यांना बरे करी. मोलकरणीला ही विद्या आली कुठून, असा मालकाला संशय! त्याने तिची बोटे यंत्रात चिरडली. तिच्या तोंडून जी नावे निघाली, त्यात अ‍ॅग्नेसही होती.

होलीरूडच्या राजवाड्यात खुद्द राजाने अ‍ॅग्नेसची उलटतपासणी घेतली. तक्रारदारही तोच, तपासनीसही तोच! तिने सर्व आरोप नाकारले. मग अंगावरचे केस भादरले, दोरीने डोके आवळले, झोपू दिले नाही. तेव्हा 'कबुली' आली, आम्ही चाळणीत बसून समुद्रावर गेलो होतो. चाळणीत बसून! या कबुलीवर तिचा गळा आवळून देह जाळला गेला.

हे सारे कायदेशीर होते, हे विसरू नका. स्कॉटलंडच्या १५६३ च्या कायद्यात चेटूक करणाऱ्याला आणि त्याचा सल्ला घेणाऱ्यालाही देहदंड होता. तो १७३६ मध्ये रद्द झाला. सरकारच्या प्रमुख निकोला स्टर्जन यांनी माफी मागितली ती ८ मार्च २०२२ रोजी.

आपल्या सातपुड्यातही बाईला 'डाकीण' ठरवून मारले गेले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, त्यानंतरच महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आला. करणीच्या नावाखाली मारहाण केली, नग्न धिंड काढली तर सहा महिने ते सात वर्षे कैद. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, त्यामुळे 'आपसात मिटवा' म्हणून ठाण्यातून परत पाठवता येत नाही. दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. आपल्या ठाण्याचा दक्षता अधिकारी कोण, हे एकदा लेखी अर्ज देऊन विचारा.