काठवटीपाशी

मुलांनी काय खावे याविषयी अखंड उपदेश करणारे वडीलधारे आणि तो एका कानाने ऐकून दुकानातल्या चकचकीत पुड्यांकडे धावणारी मुले, ही तकरार घरोघरी नित्य चालू असते; परंतु दुष्काळात बादशाही कोठारे रयतेला खुली करणाऱ्या दामाजीपंतांचे मंगळवेढे ज्या मुलखात आहे, आणि तेथील ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही लाभले आहे, त्या सोलापुरात तरी या फिर्यादीचा निकाल उपदेशाने लावू नये, मुलाला सरळ काठवटीपाशी बसवावे, असे माझे मत आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या आठ वर्षांच्या नातीला तिच्या आजीने असेच बसवले. गव्हाच्या कणकेला असतो तो चिवटपणा ज्वारीच्या पिठाला नसतो, म्हणून त्यात आधणाचे पाणी घालून तळव्याने जोर लावून रगडावे लागते, हे शास्त्र तिला कोणी सांगितले नाही. गार पाण्याने भिजवलेली पहिली भाकरी थापता थापता कडेने चिरत गेली आणि तव्याकडे नेताना हातातच दुभंगली, तेव्हा ते तिला आपोआप उमगले. चौथ्या दिवशीची भाकरी एका अंगाने टम्म फुगली, दुसरे अंग मात्र हट्टाने चिकटून राहिले. ती तिने कोणालाही वाटा न देता, चटणी-तेलाशी एकटीने संपवली.

आता चटणीविषयी. उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली सोलापुरी शेंगाचटणी आम्हां लोकांचा अभिमानविषय, आणि शेंगदाण्यात वजनाच्या सुमारे चतुर्थांश प्रथिने असतात हेही खरे. परंतु ज्वारीच्या प्रथिनांत ज्या लायसिन नामक घटकाची उणीव असते, तो शेंगदाण्यातही बेताचाच असल्याने, भाकरी-चटणीवर मुलाची बोळवण करून वरण, पिठले वा हुलग्याचे माडगे यांना रजा देता येत नाही. कडधान्ये ती उणीव भरून काढतात. सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर वांगी, गाजर, पावटा आणि हरभऱ्याचे सोलाणे एकत्र शिजवणाऱ्या बायकांनी लायसिनचे नाव ऐकले नव्हते. पण पावट्याचे दाणे सोलायला त्या पोरांनाच बसवीत, आणि स्वतः सोललेला दाणा पोर सहसा ताटाबाहेर काढीत नाही.

लोहाचे प्रकरण जरा नाजूक आहे. धान्य-भाजीतले लोह शरीरात सहजी मुरत नाही. लिंबू पिळले, पेरूची फोड घेतली, तर त्याला वाट मिळते, आणि जेवणालगत चहा घेतला तर तीच वाट अडते, म्हणून मध्ये निदान तासाभराची मुदत असावी. हे मी नातीला, तिने चहात भाकरी बुडवून खाण्याचा आग्रह धरला तेव्हा, सविस्तर समजावून दिले. तिने ते मन लावून ऐकले आणि त्याच दुपारी, जेवणाचे ताट उचलता उचलता माझ्यापुढे आलेली कपबशी, भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून, स्वयंपाकघरात परत नेली. मुदत अर्ध्या तासावर आणावी अशी माझी दरखास्त तिच्या दप्तरी दाखल आहे. आजीची शिफारस अद्याप मिळालेली नाही.