कप्तान घरी, संघ मैदानात

दोस्तांनो, तुमच्यापैकी जे फुटबॉलवेडे आहेत, त्यांनी बाबांना किंवा काकांना रॉय कीनबद्दल विचारून बघा. मँचेस्टर युनायटेडचा कप्तान, आणि आयर्लंडचाही. गडी असा रागीट, की पंचसुद्धा त्याला दचकून असायचे! २००२च्या वर्ल्ड कपसाठी आयर्लंड पात्र ठरलं, त्यात त्याचा वाटा मोठा. हॉलंडसारखा बलाढ्य संघ घरी बसला आणि चाळीस लाख वस्तीचा हा चिमुकला देश पुढे गेला.

सामने जपान आणि दक्षिण कोरियात होते. त्याआधी तयारीसाठी संघ पॅसिफिक महासागरातल्या सायपान या बेटावर उतरला, आणि तिथेच बिनसलं. सरावाचं सामान वेळेवर आलंच नाही, चेंडूसुद्धा नाहीत! मैदान दगडासारखं टणक. कीन भडकला. म्हणाला, मी घरी जातो. मग समजूत पटली, राहिला. पण त्याच सुमारास एका वर्तमानपत्राला मुलाखत देऊन त्याने मनातलं सगळं ओकून टाकलं. संघाचे मॅनेजर मिक मॅकार्थी यांनी २३ मे रोजी ती मुलाखत हातात घेऊन सगळ्या खेळाडूंसमोर त्याला जाब विचारला. झालं! कीनने अशा काही शिव्या दिल्या, की त्या इथे लिहिल्या तर संपादककाका मलाच घरी पाठवतील. मॅकार्थींनी कप्तानाला परत पाठवलं. बदली खेळाडू घ्यायची मुदत संपली होती, त्यामुळे संघात उरले बावीस.

आणि इकडे आयर्लंडमध्ये काय झालं माहीत आहे? घराघरात भांडणं! एक गट म्हणे, "कीनचं काय चुकलं? वर्ल्ड कपला जायचं आणि चेंडू नाहीत?" दुसरा म्हणे, "देशाचा कप्तान असा संघाला टाकून येतो का?" रेडिओवर दिवसरात्र हाच विषय. लोक त्याला चक्क यादवी युद्ध म्हणू लागले. कीन मात्र घरी आपला कुत्रा फिरवत होता, आणि मागे फोटोवाल्यांची ही झुंबड!

आमच्या चौथीच्या वर्गात मी ही गोष्ट सांगितली, तर तिथेही दोन तट पडले. एक मुलगा म्हणाला, "बाई, चेंडूच नाही तर खेळणार कशाने?" त्यावर मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "पण बाकीच्यांनाही चेंडू नव्हता ना? ते तर थांबले." मी गप्पच झाले. मला विचाराल तर गाऱ्हाणं खरं होतं, शिव्या वाईटच. पण चारचौघांत उभं करून जाब विचारला, की पोरगं हमखास उलटून बोलतं. ही चूक मी वर्गात कितीदा केली आहे, म्हणून सांगते.

बरं, संघाचं काय झालं? कॅमेरूनशी १-१ बरोबरी. जर्मनीशी सामना संपता संपता गोल करून १-१. गोल कुणाचा? रॉबी कीनचा! नात्याचा नाही बरं का, नुसता आडनावबंधू. सौदी अरेबियावर ३-० विजय. मग बाद फेरीत स्पेनकडून पेनल्टींवर हार. आता नवा वाद: रॉय असता तर?

पुढे चौकशी झाली, आणि तयारीत खरोखरच ढिलाई होती असं त्या अहवालात आलं. ऑक्टोबरमध्ये डब्लिनला स्वित्झर्लंडने आयर्लंडला हरवलं, तेव्हा प्रेक्षकांनी मॅकार्थींची हुर्यो उडवली आणि कीनच्या नावाचा गजर केला. नोव्हेंबरमध्ये मॅकार्थींनी राजीनामा दिला.

मे २००४ मध्ये, नव्या मॅनेजरच्या हाताखाली, कीन पुन्हा हिरवा शर्ट घालून डब्लिनच्या मैदानात उतरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण वाद काही मिटला नाही. २०२५ मध्ये 'सायपान' नावाचा सिनेमा आला आणि तेवीस वर्षांनी तेच भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू!