अर्जांचा हंगाम, वेळेची कीर्द

दुकान उघडण्याची वेळ, माल उतरवून घेण्याची वेळ, बँकेत भरणा करण्याची वेळ आणि संध्याकाळी मेळ घालण्याची वेळ व्यापारी घरातील मुलांच्या लहानपणीच अंगवळणी पडते. गुलमंडी, सराफा किंवा मोंढ्यावरील पेढीत वाढलेल्या मुलांना कष्टांचे भय नसते. तथापि याच घरांतील मुले-मुली कायद्याचे शिक्षण घेऊन मुंबई-पुण्याच्या विधी पेढ्यांकडे, ज्यांना आपण सर्रास लॉ फर्म म्हणतो त्यांच्याकडे, अर्ज करू लागतात, तेव्हा घरातील नेहमीचे आडाखे चुकू लागतात. दुकानात दिवसभर बसले तर संध्याकाळी गल्ल्यात काही तरी दिसते. अर्जांच्या बाबतीत महिनाभर बसूनही हाती एका ओळीचे उत्तर येईलच असे नाही. मग घरी विचारणा सुरू होते, मुलांचा धीर खचतो आणि ‘तोवर दुकानात ये’ या सहज शब्दांत एका वेगळ्या वाटेचा शेवट होतो. तो तसा होऊ नये, यासाठी मुलांनी आणि वडीलधाऱ्यांनी काय करावे, याचा हा विचार.

शहर बदलले आहे

कायद्याचे शिक्षण आता आपल्या शहराला परके राहिलेले नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ येथे 1981 मध्ये सुरू झाले. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सेनानी माणिकचंद पहाडे यांच्या नावाचे विधी महाविद्यालय अनेक पिढ्यांना वकील देत आले आहे. 2017 मध्ये येथे महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठही सुरू झाले. त्यामुळे शिक्षणासाठी घर सोडण्याची गरज कमी झाली.

परंतु कंपन्यांचे करार, विलीनीकरण, दिवाळखोरी, लवाद अशी कामे करणाऱ्या मोठ्या पेढ्या मुख्यतः मुंबई, दिल्ली आणि बंगळुरू येथे आहेत. त्यांच्या दारापर्यंत पोहोचण्याचा पहिला टप्पा बहुधा इंटर्नशिपचा असतो. पुष्कळ पेढ्या आपल्याकडे प्रशिक्षण घेऊन गेलेल्या विद्यार्थ्यांतूनच नवे सहकारी निवडतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे, तर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे असे प्रशिक्षण आवश्यक आहे, आणि ते कोणत्याही वर्षी सलग चार आठवड्यांहून अधिक घेता येत नाही. म्हणजे संधीच्या खिडक्या लहान असतात आणि त्या सुट्ट्यांच्या काळातच उघडतात. उन्हाळ्यातील जागेसाठी हिवाळ्यातच, कधी त्याहूनही आधी, अर्ज करावा लागतो. इंग्लंडमधील मोठ्या पेढ्या तर प्रशिक्षणार्थींची निवड सुमारे दोन वर्षे आधी करतात. ज्या महिन्यात गरज लागेल त्याच महिन्यात अर्ज करू, असे म्हणणाऱ्याला हा बाजार मिळत नाही.

एक अर्ज म्हणजे किती काम?

घरच्यांना दिसतो तो एक ई-मेल. त्यामागील काम दिसत नाही. प्रथम स्वतःचा परिचय एक-दोन पानांत नेमका लिहावा लागतो. त्यानंतर ती पेढी कोणत्या प्रकारचे काम करते, कोणत्या विभागात विद्यार्थी घेते, हे पाहावे लागते. तिच्या वकिलांनी अलीकडे कोणत्या प्रकरणांत बाजू मांडली, हेही शोधता येते, कारण न्यायालयांच्या संकेतस्थळांवरील निकालांत उपस्थित वकिलांची नावे दिलेली असतात. असे दोन-तीन निकाल वाचून लिहिलेले पत्र आणि शंभर ठिकाणी पाठवलेली एकच नक्कल, यांतील फरक वाचणाऱ्याच्या तत्काळ ध्यानात येतो. पुढे लेखी चाचणी किंवा मुलाखत आली, तर 1872 चा करार कायदा, 2013 चा कंपनी कायदा आणि 2016 ची दिवाळखोरी संहिता यांची उजळणी लागते. मुलाखतीचा पहिला टप्पा हल्ली अनेकदा दूरदृश्य पद्धतीने होतो. प्रत्यक्ष बोलावणे आले, तर रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस गाठावी लागते आणि जाण्यायेण्यात दोन रात्री खर्ची पडतात.

हे सर्व धरले तर एका चांगल्या अर्जास तीन-चार तास सहज लागतात. म्हणून आठवड्यास दोन किंवा तीनच अर्ज, पण पूर्ण मन लावून केलेले, हे प्रमाण बहुतेकांना झेपण्यासारखे आहे. एका रात्रीत चाळीस अर्ज पाठवून पुढचे तीन आठवडे हताश बसण्यापेक्षा ही चाल मंद दिसली तरी टिकाऊ असते.

वेळेची कीर्द

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पेढीवर कीर्द आणि खतावणी या दोन वह्या असत. दिवसभरात जे घडले ते क्रमाने कीर्दीत येई आणि प्रत्येकाचे खाते खतावणीत वेगळे निघे. अर्जांच्या कामालाही याच दोन वह्या पुरतात.

कीर्दीत रोजची वेळ लिहावी: आज कोणत्या तासापासून कोणत्या तासापर्यंत बसलो आणि काय केले. खतावणीत प्रत्येक पेढीचे एक पान असावे. त्यावर अर्जाची तारीख, कोणते कागद जोडले, कोणाच्या नावे पाठवले, स्मरणपत्राचा दिवस आणि अखेरचा निर्णय यांची नोंद करावी. अर्जानंतर दोन-तीन आठवड्यांनी एकच विनम्र स्मरणपत्र पाठवावे. त्यालाही उत्तर आले नाही, तर ते खाते बंद करून पुढे जावे. उघडी राहिलेली खाती मनावर ओझे होतात. पंचवीस ठिकाणची वाट एकाच वेळी पाहणारा विद्यार्थी दिवसातून वीस वेळा मोबाइल उघडतो आणि त्याचा अभ्यास तेवढ्याच वेळा मोडतो. ई-मेल पाहण्याच्या दिवसातून दोन वेळा ठरवून घेतल्या, तर हा अपव्यय पुष्कळ कमी होतो.

बसण्याची वेळ शक्यतो सकाळची असावी. महाविद्यालय आणि दुकानातील मदत यांनंतर रात्री दहा वाजता लिहिलेल्या पत्रात चुका राहतात, आणि कायद्याच्या व्यवसायात पेढीचे नाव चुकवलेले पत्र पुढे वाचले जात नाही. आठवड्यातील चार सकाळी दोन-दोन तास आणि रविवारी एक तास फेरआढावा, अशी नऊ तासांची बांधणी केली, तरी परीक्षेच्या अभ्यासाला धक्का लागत नाही.

दिवाळी आणि लग्नसराई हे व्यापारी घरातील मुलांचे खरे कसोटीचे दिवस. त्या काळात कापडाच्या किंवा दागिन्यांच्या दुकानात घरातील प्रत्येक हात हवा असतो आणि ते रास्तच आहे. म्हणून ज्या अर्जांची मुदत दिवाळीच्या आसपास येते, ते नवरात्रापूर्वीच तयार ठेवावेत. दसऱ्यानंतर वेळ काढू, ही योजना व्यापारी घरात यशस्वी होत नाही, हे घरातील प्रत्येकास ठाऊक असते.

नकाराचा हिशेब

कापडाचा व्यापारी गिऱ्हाइकापुढे वीस थाने उलगडतो. गिऱ्हाईक ‘नंतर येतो’ म्हणून उठते. व्यापारी थाने पुन्हा घडी घालून ठेवतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला त्याच उत्साहाने ‘या, बसा’ म्हणतो. उठून गेलेल्या गिऱ्हाइकामुळे तो स्वतःला नालायक समजत नाही. अर्जाला उत्तर न येणे हे याहून वेगळे नाही. त्या पेढीत जागा नसते, निवड आधीच झालेली असते किंवा पत्र उघडलेच गेलेले नसते. त्या मौनातून स्वतःच्या योग्यतेविषयी निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

मात्र चतुर व्यापारी आणखी एक गोष्ट करतो. सलग अनेक गिऱ्हाइके रिकाम्या हाती परतली, तर तो मालाकडे आणि मांडणीकडे पाहतो. वीसेक अर्जांना काहीच प्रतिसाद मिळाला नाही, तर अर्ज वाढवण्याआधी परिचयपत्र एखाद्या प्राध्यापकांना किंवा अनुभवी वकिलांना दाखवावे, पत्रातील पोकळ विशेषणे काढावीत आणि पेढ्यांची निवड बदलावी. पुण्यातील मध्यम पेढ्या, आपल्या खंडपीठात काम करणाऱ्या वकिलांची कार्यालये, वाळूज आणि शेंद्रा येथील कंपन्यांचे विधी विभाग, ही सर्व खरी प्रशिक्षणस्थळे आहेत. येथे चार आठवडे केलेले मसुदालेखनाचे काम पुढच्या अर्जाला वजन देते.

आठवड्याच्या अखेरीस स्वतःला विचारायचा प्रश्न असा असावा: ठरवलेले नऊ तास बसलो का आणि ठरवलेले अर्ज नीट गेले का? याचे उत्तर ‘होय’ असेल, तर तो आठवडा यशस्वी मानावा. उत्तरे येणे आपल्या हाती नाही. बसणे आपल्या हाती आहे.

प्रतीक्षेतील काम

1866 मध्ये नाशिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि 1892 मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या. त्या काळी तेथे स्त्रियांना पदवी दिली जात नसे, भारतातही वकिलीचे दार बंद होते. स्त्रियांना वकिलीचा अधिकार देणारा कायदा आपल्याकडे 1923 मध्ये झाला. मधल्या तीन दशकांत त्या थांबून राहिल्या नाहीत. 1904 पासून त्यांनी बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या कायदेविषयक सल्लागार म्हणून पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेचे काम पाहिले.

त्याच 1923 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबईत वकिली सुरू केली. अस्पृश्यतेच्या भिंतीमुळे सॉलिसिटर त्यांना काम देण्यास धजत नसत. त्यांनी 1925 पासून सुमारे तीन वर्षे बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. 1935 मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि 1950 मध्ये त्यांच्याच प्रेरणेने आपल्या शहरात महाविद्यालय उभे राहिले. आजच्या विद्यार्थ्याची अडचण या दोघांच्या तुलनेत लहान आहे. परंतु प्रतीक्षेच्या काळात त्याच विषयाशी निगडित काम धरून ठेवावे, ही त्यांची रीत आजही उपयोगी पडते.

व्यापारी घरातील मुलांना असे काम शोधण्यास दूर जावे लागत नाही. परत आलेल्या धनादेशाची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती पोहोचल्यापासून पैसे देण्यास 15 दिवस आणि त्यानंतर एक महिन्याच्या आत तक्रार, हा क्रम पुस्तकात वाचणे निराळे आणि घरच्या वसुलीत पाहणे निराळे. भागीदारीपत्र, गाळ्याचा भाडेकरार, जीएसटीची नोटीस हे कागद वडिलांच्या परवानगीने समजून घेतले, तर मुलाखतीत सांगण्यासारखे पुष्कळ असते. अनेक विद्यार्थ्यांजवळ नसलेले हे भांडवल आहे. ते संकोचाने झाकून ठेवू नये. मात्र ग्राहकांची आणि भागीदारांची नावे व रकमा बाहेर सांगू नयेत, हेही तेथेच शिकावे.

सनद आणि गल्ला

पालकांनी एक नियम आधीच जाणून घेणे हितावह आहे. ‘सनद घेईल आणि दुकानही पाहील’ असे अनेक घरांत गृहीत धरलेले असते. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला स्वतः कोणताही व्यापार करता येत नाही. व्यवसायाचे स्वरूप वकिलीच्या प्रतिष्ठेशी विसंगत नसेल, तर निष्क्रिय भागीदार म्हणून राहता येते. वारशाने आलेला कौटुंबिक व्यवसाय चालू ठेवता येतो. परंतु त्याच्या व्यवस्थापनात प्रत्यक्ष भाग घेता येत नाही. कंपनीचा साधा संचालक होता येते, व्यवस्थापकीय संचालक मात्र होता येत नाही.

म्हणून हा निर्णय सनदेपूर्वी घरात बसून व्हावा. अंतिम परीक्षेनंतर किती महिने अर्जांसाठी द्यायचे, तोवर खर्च कोणी करायचा, आणि पेढी न मिळाल्यास खंडपीठातील एखाद्या वकिलांच्या कार्यालयात उमेदवारी करायची की व्यवसायात यायचे, हे तारखेसह ठरवावे. मुदत ठरलेली असली की मुलांना रोज परीक्षा दिल्यासारखे वाटत नाही आणि वडिलांनाही रोज विचारण्याची गरज उरत नाही.

तोपर्यंत घराने दोन गोष्टी कराव्यात. सकाळचे ते दोन तास दुकानाच्या तासांइतकेच कामाचे मानावेत. त्या वेळी माल मोजायला किंवा बँकेत जायला हाक मारू नये. आणि ‘काही उत्तर आले का?’ या प्रश्नाऐवजी ‘आज काय लिहिलेस?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुलांजवळ बहुतेक दिवस नसते. दुसऱ्याचे रोज असू शकते.