पहिला फोन कोणाला?

गेल्या पावसाळ्यात फजरच्या वुजूसाठी उठलेली अम्मी न्हाणीघरात घसरून पडली. घरात ती एकटीच. फोन पलंगावर राहिला होता. दूध द्यायला आलेल्या शेजारच्या खालांना दार उघडेना, म्हणून त्यांनी चार माणसे बोलावून कडी तोडली. तोपर्यंत सव्वा तास अम्मी ओल्या फरशीवर पडून होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार लोक पडल्यामुळे दगावतात. त्यात साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वाधिक आहे. पडण्याइतकेच पडून राहणेही घातक असते. अंग गार पडते, शरीरातील पाणी कमी होते. स्नायू फार वेळ दबून राहिले तर त्यांतील घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. म्हणून मदत किती लवकर पोहोचते, याला महत्त्व आहे.

दुबईहून भावाने अम्मीसाठी घड्याळ पाठवले. पडणे ओळखण्याची सोय ॲपलने २०१८ मध्ये आपल्या घड्याळात आणली. आता इतर कंपन्यांच्या काही घड्याळांतही ती आहे. आतले संवेदक हाताचा वेग, वळण आणि आदळण्याचा धक्का मोजतात. जोरात पडल्याचे जाणवले की घड्याळ थरथरते व विचारणा करते. सुमारे मिनिटभर हालचाल झाली नाही, तर आपत्कालीन सेवेला आपोआप फोन जातो आणि नोंदवलेल्या नातेवाइकांना संदेश मिळतो. मात्र फोन जवळ हवा किंवा घड्याळाला स्वतःचे नेटवर्क हवे. पलंगावरून हळूच घसरलेले माणूस त्याच्या लक्षात येईलच असे नाही.

आमच्या घरांत आणखी एक अडचण आहे. वुजूसाठी घड्याळ काढून ठेवले जाते, आणि घसरण्याची भीती तिथेच जास्त! त्यासाठी भिंतीवर लावायची रडार यंत्रे निघाली आहेत. त्यांत कॅमेरा नसतो. परतणाऱ्या रेडिओ लहरींवरून माणूस उभे आहे की जमिनीवर, हे ओळखले जाते. त्यामुळे पडद्याला बाध येत नाही. ते परवडत नसेल तर जमिनीवरून हात पोहोचेल अशी घंटीची दोरी, भिंतीला पकडायची दांडी आणि बसून वुजू करायला स्टूल एवढे तरी करावे. न्हाणीघराला आतून कडी लावू नये.

घड्याळात भावाने फक्त स्वतःचा नंबर टाकला होता. मी विचारले, "संदेश आला तर तू काय करशील?"

"आपा, तुला फोन करीन."

मी वर्गात शिकवत असते, माहेरापासून दोन तासांवर. फोन पिशवीत बंद असतो.

त्याच रात्री आम्ही खालांचा नंबर पहिला टाकला आणि घराची एक चावी त्यांच्याकडे दिली. आम्हा दोघांचे नंबर त्यानंतर. अम्मीला आधी संकोच वाटला. खाला म्हणाल्या, "भाभी, आमच्यावर तुमचा हक्क आहे. चावी द्यायला इतकी वर्षे का लावलीत?"

मुले आखाती देशांत, मुंबई-पुण्यात आणि आईवडील गावी, अशी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. घड्याळ जरूर पाठवा. पण पाठवण्याआधी अम्मी-अब्बांच्या शेजाऱ्यांना एक फोन करा, त्यांना सलाम सांगा आणि चावी त्यांच्याकडे ठेवण्याची विनंती करा. घड्याळ खबर देईल, उचलायला माणूसच लागेल.