‘तुतीचे झाड’ : पानगळीच्या एका चित्राचे रसग्रहण

या घटकासाठी व्हिन्सेंट व्हॅन गॉग याचे ‘तुतीचे झाड’ हे तैलचित्र निवडले आहे. दक्षिण फ्रान्समधील सेंट-रेमी येथे ऑक्टोबर १८८९ मध्ये त्याने ते रंगविले. मूळ चित्र अमेरिकेत पॅसाडीना येथील नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. त्याची प्रतिकृती समोर ठेवूनच पुढील विवेचन वाचावे.

प्रथम एका शब्दाचा अडथळा दूर करू. युरोपातील पानगळीच्या ऋतूला मराठीत सर्रास ‘शरद’ म्हटले जाते. महिने जुळतात, अनुभव जुळत नाही. आपला शरद म्हणजे पावसाने धुतलेले आकाश, कोजागरीचे चांदणे. पानगळ आपल्याकडे शिशिरात सुरू होते. रावेरच्या शिवारातून माघ-फाल्गुनात उत्तरेकडे पाहा : जवळची केळी हिरवीगार, आणि पलीकडे सातपुड्याच्या उतारावर साग उघडे पडलेले. मर्ढेकरांच्या पहिल्या कवितासंग्रहाचे (१९३९) नाव ‘शिशिरागम’ आहे, हेही आठवावे. मनात ‘शरद’ असलेला प्रेक्षक या चित्रात प्रसन्नता शोधतो, ‘शिशिर’ असलेला उजाडपणा. चित्र दोघांनाही चकविते.

कारण येथे पाने अजून झाडावरच आहेत, आणि ती पेटल्यासारखी दिसतात. खडकाळ उतारावर एकच झाड, मागे गडद निळे आकाश. पिवळ्या-नारिंगी रंगाचे जाड थर वळणावळणांनी असे दिले आहेत, की पर्णसंभार रंगविण्याऐवजी रंगातूनच घडविला आहे असे वाटावे. एकही पान सुटे मोजता येत नाही. तरी झाडाची सळसळ जाणवते. ‘अभिव्यक्तिशील’ ही संज्ञा येथे कुंचल्याच्या फटकाऱ्यांना लागू पडते, केवळ विषयाला नव्हे.

निळा आणि नारिंगी हे परस्परविरोधी रंग शेजारी आले की दोन्ही अधिक प्रखर भासतात. मर्ढेकरांच्या सौंदर्यशास्त्रातील विरोधलयीचे याहून सुबोध उदाहरण मला तरी माहीत नाही. मात्र ऋतूचे भान बाजूला सारून केवळ रंगसंबंधांवर थांबणे मला पटत नाही. गळण्यापूर्वीची पाने आहेत, हे कळल्यावाचून त्या प्रखरतेचा ताण जाणवत नाही.

चित्रकार त्या काळी मनोरुग्णालयात उपचार घेत होता. अनेक उत्तरपत्रिका तेथूनच सुरू होतात आणि तेथेच संपतात. चरित्राला एक वाक्य पुरे.

स्वाध्याय : कोणत्याही ऋतूचे नाव न घेता या चित्रातील केवळ आकाशाचे वर्णन पाच वाक्यांत करा.