उन्हाळ्यात तापणारे गावतळे आणि माशांचे अन्न

चैत्र-वैशाखात गावतळ्याचे पाणी आटू लागते व गर्द हिरवे दिसते. पाणी हिरवे म्हणजे माशांना अन्न विपुल, असा सर्वसाधारण समज आहे. तो सर्वस्वी खरा नाही. अशाच तळ्यातील कटला व रोहू एखाद्या पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात आणि वर्षभराची मेहनत काही तासांत वाया जाते. याचे कारण पाण्याच्या उष्णतेत व त्यातील प्लवकांत आढळते.

प्लवक म्हणजे काय?

पाण्यात तरंगत राहणाऱ्या सूक्ष्म जीवांस प्लवक म्हणतात. त्यांचे दोन वर्ग आहेत. सूक्ष्म शैवले हे वनस्पतिप्लवक होत. ती सूर्यप्रकाशात आपले अन्न तयार करतात व दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतात. रोटिफर, डॅफ्निया, सायक्लोप्स हे प्राणिप्लवक होत. त्यांतील बरेचसे शैवलांवर जगतात. कटला मुख्यतः पृष्ठभागाजवळील प्राणिप्लवक खातो. शैवल, प्राणिप्लवक व मासा अशी ही साखळी आहे.

पाणी तापल्यावर काय घडते?

पाण्याचे तापमान २५ अंश सेल्सिअसच्या वर गेले आणि खताचा अंश भरपूर असला, म्हणजे नीलहरित शैवले जोमाने वाढतात. त्यांच्या पेशींत वायूच्या पोकळ्या असल्याने ती वर तरंगतात, ऊन अडवितात व खालच्या उपयुक्त शैवलांची वाढ खुंटवितात. त्यांचे पुंजके डॅफ्नियासारख्या जीवांस सहजी खाता येत नाहीत. काही जाती तर विषारी असतात. पाणी हिरवे राहते, पण माशांचे अन्न घटते.

दुसरा परिणाम प्राणवायूवर होतो. २० अंश तापमानास एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांस तो सुमारे ७.५ मिलिग्रॅमच राहतो. उलट उष्णतेमुळे माशांची गरज वाढते. रात्री शैवलेही प्राणवायू घेतात. म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो.

तिसरी गोष्ट थरांची. तापलेले पाणी हलके होऊन वर राहते व तळाच्या पाण्यात मिसळत नाही. आफ्रिकेतील टांगानिका या खोल सरोवरात हवामान तापल्याने मिसळण कमी झाली, तळाची पोषक द्रव्ये वर येईनाशी झाली व प्लवकांची वाढ घटली, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. गावतळ्यात धोका निराळा असतो. तळाचा गाळ कुजून तेथील प्राणवायू संपतो आणि वळवाच्या पावसाने ते पाणी एकाएकी वर मिसळले, म्हणजे मासे गुदमरतात.

कोणती काळजी घ्यावी?

(१) हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवावा. कोपर बुडण्याच्या बऱ्याच आधी तळहात दिसेनासा झाला, तर प्लवक प्रमाणाबाहेर वाढले असे समजावे व शेण, खत आणि पूरक खाद्य बंद करावे.

(२) विक्रीयोग्य मासे पाणी आटण्यापूर्वीच काढून गर्दी कमी करावी.

(३) मासे पृष्ठभागावर तोंडे उघडताना दिसताच ताजे पाणी सोडावे. ते न मिळाल्यास तळ्याचेच पाणी पंपाने उचलून उंचावरून फवाऱ्यासारखे पाडावे.

(४) वाऱ्याने एका काठास जमलेली शैवलाची साय कापडाने काढून टाकावी. औषध घालून सर्व शैवल एकदम मारू नये. ते कुजताना उरलेला प्राणवायूही संपतो.

(५) अशी साय आलेल्या काठावर गुरांना पाणी पाजू नये.

ग्रामसेवकांनी ही माहिती उन्हाळा सुरू होण्यापूर्वीच मत्स्यपालकांपर्यंत पोहोचवावी. वैशाखात, विशेषतः ढगाळ दिवसानंतर किंवा वळवानंतर, पहाटे तळ्यावर एक फेरी मारण्याचा नेम ठेवल्यास मोठी हानी टळू शकते.